आपल्या कॉलेजातल्या पोरांसाठी पैसे द्यायचेत, पण सुरुवात कुठून करायची?

नोकरी लागून दोन-तीन वर्षं झाली, महिन्याच्या शेवटी हातात थोडं उरायला लागलं की बऱ्याच जणांच्या मनात येतं की आपण जिथे शिकलो तिथल्या पोरांसाठी काहीतरी करावं. आणि मग ते मनातच राहतं, कारण फोन कुणाला करायचा, पैसे कुठल्या खात्यात टाकायचे, ते खरंच पोरांपर्यंत पोचतात का, यातलं काहीच माहीत नसतं. हा लेख त्यांच्यासाठी. मुंबईतल्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजातून पास झालेले असाल, व्हीजेटीआय असो, अंधेरीचं सरदार पटेल असो नाहीतर चेंबूर-विद्याविहार-वांद्र्याचं एखादं कॉलेज असो, रस्ता साधारण असाच आहे.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, ती म्हणजे "आपले पाचशे-हजार काय पुरणार". पेपरात ज्या बातम्या येतात त्या मोठ्याच आकड्यांच्या असतात, नंदन नीलेकणींनी २०२३ मध्ये आयआयटी बॉम्बेला ३१५ कोटी दिले, त्याच वर्षी तिथल्या १९९८ च्या बॅचने मिळून ५७ कोटी दिले. ते फार चांगलं काम आहे, त्यातून लॅब आणि रिसर्च सेंटर उभी राहतात. पण पहिल्या वर्षाच्या पोराची अडचण बऱ्याचदा वीस हजारांची असते आणि ती जुलै-ऑगस्टमधल्या त्या पंधरा दिवसांत असते. तिथे तुमचे पाचशे आणि तुमच्या बॅचच्या चाळीस जणांचे पाचशे नक्की पुरतात, फक्त ते वेळेवर तिथे असायला हवेत. मला या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं, रक्कम किती यापेक्षा ती कधी पोचते.

पहिलं काम: गरज नक्की कुठे आहे ते समजून घ्या

खूप जणांना वाटतं की सरकार फी भरतंच, मग आपली गरज काय. सरकार भरतं हे खरंय. घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती योजनेत निम्मी ट्यूशन फी मिळते, टीएफडब्ल्यूएसच्या सीटवर ट्यूशन फी माफ असते, मागासवर्गीय मुलांसाठी वेगळ्या योजना आहेत, २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या मुलींची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ केलीय. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची मुलींसाठी प्रगती स्कॉलरशिप आहे, वर्षाला ५०,००० ची. हे सगळं चांगलंच आहे.

पण यात दोन मोठ्या फटी राहतात. एक म्हणजे माफी मुख्यतः ट्यूशन फीची, बाकीचं म्हणजे डेव्हलपमेंट फी, डिपॉझिट, हॉस्टेल, मेस, जेवणाचा डबा, पास, ड्रॉइंगचं सामान, लॅपटॉप हे बहुतेक आपलं आपण. आणि दुसरी फट वेळेची. कॅप राऊंडला, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीत, सीट लागली की रिपोर्टिंगला मोजके दिवस मिळतात आणि फीचा आपला वाटा तेव्हाच भरायचा असतो. महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या वेबसाइटवरचा, फॉर्म त्यानंतर सुटतो, मग कॉलेज व्हेरिफाय करणार, मग विभाग करणार, आणि पैसे आधार जोडलेल्या खात्यात येईपर्यंत कधी दुसरी सेमिस्टर उजाडते, कधी पुढचं वर्ष. मधल्या काळात घरचे काय करतात? सोनं गहाण ठेवतात, गावातल्या कुणाकडून तरी महिन्याला तीन-चार टक्क्यांनी उचलतात. अॅडमिशनच्या दिवसांत कुठल्याही कॉलेजच्या स्टुडंट सेक्शनबाहेर जाऊन उभे राहा, प्लास्टिकच्या फाइलमध्ये डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमिलेयर सगळं क्रमाने लावून आलेला एखादा बाप दिसेल, कागद एकही कमी नाही, आणि काउंटरवर आकडा ऐकल्यावर तो बाजूला होऊन गावी कुणाला तरी फोन लावतो.

त्यात मुंबईत राहायचं म्हणजे अजून वेगळं. हॉस्टेल सगळ्यांना मिळत नाही, मग माटुंगा-वडाळा-अंधेरीकडे कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरती, जागा बघायची, तिथे डिपॉझिट आधी द्यायचं, आणि हे त्याच आठवड्यात ज्या आठवड्यात फी भरायचीय.

दुसरं काम: कॉलेजात योग्य माणसाला विचारा

प्रिन्सिपॉल सरांना भेटा, जरूर भेटा, पण माहिती त्यांच्याकडे सगळी नसते. स्टुडंट सेक्शनमधल्या ज्या मॅडम किंवा सर स्कॉलरशिपचे फॉर्म बघतात त्यांना माहीत असतं की यावर्षी किती जणांची फी अडकलीय, कुणाचा फॉर्म कशामुळे परत आलाय. हॉस्टेलच्या रेक्टरना माहीत असतं की कोण मेस बंद करून वडापाववर भागवतोय. पहिल्या वर्षाला शिकवणाऱ्या सरांना माहीत असतं की कुणाकडे लॅपटॉप नाही, कारण असाइनमेंट कायम मित्राच्या मेलवरून येते. या तिघांशी प्रत्येकी अर्धा तास बोललात तर पैसे कुठे लावायचे ते आपोआप कळतं. नावं विचारू नका, आकडे विचारा. "साधारण किती मुलं, किती रक्कम, कुठल्या महिन्यात" एवढंच.

विचारायला जायची चांगली वेळ एप्रिल-मे. जूननंतर ऑफिसात कुणाला श्वास घ्यायलाही फुरसत नसते.

तिसरं: पैसे कुठल्या दारातून द्यायचे

दारं साधारण तीन असतात. कॉलेज किंवा युनिव्हर्सिटीचं स्वतःचं खातं, कॉलेज चालवणारा ट्रस्ट, किंवा माजी विद्यार्थी संघटना. यातलं कुठलंही चालेल, पण देण्याआधी एवढं बघा की संस्था रजिस्टर्ड आहे का, पॅन काय आहे, ८०जीची नोंदणी चालू आहे का (देणाऱ्याला टॅक्समध्ये सूट मिळते ती हिच्यामुळे; तिला मुदत असते, रिन्यू झालीय का ते इन्कम टॅक्सच्या वेबसाइटवर बघता येतं), आणि हिशेब दरवर्षी ऑडिट होतो का. महाराष्ट्रातल्या पब्लिक ट्रस्टना धर्मादाय आयुक्तांकडे ऑडिट केलेला हिशेब द्यावाच लागतो, त्यामुळे मागच्या वर्षीचा हिशेब मागण्यात लाजायचं काही कारण नाही. चांगली संघटना न कुरकुरता पाठवते. टाळाटाळ झाली तर दुसरं दार बघा.

माझं मत विचाराल तर पोरांच्या तातडीच्या मदतीसाठी संघटनेचं दार बरं पडतं कारण तिथे निर्णय लवकर होतात, कॉलेजच्या खात्यातून, त्यातही सरकारी किंवा अनुदानित असेल तर, एक रक्कम बाहेर पडायला सह्या फार लागतात. लॅबचं मशीन किंवा लायब्ररी असं काही असेल तर मात्र कॉलेजलाच द्यावं.

आणि थेट पोराच्या खात्यात टाकले तर? तेही करतात लोक, आणि अगदी अडलेल्या वेळी त्यात चूक काहीच नाही. पण दोन गोष्टी माहीत असू द्या. त्यावर तुम्हाला टॅक्समध्ये सूट मिळत नाही. आणि त्या पोराला नातेवाईक नसलेल्या लोकांकडून वर्षभरात मिळून ५०,००० च्या वर आले तर ती सगळी रक्कम त्याचं उत्पन्न धरली जाते. शिवाय ज्याच्याकडून घेतले त्याच्यासमोर पोरगं कायम अवघडून राहतं, हे मला जास्त खटकतं. मध्ये संस्था असली की ते ओझं राहत नाही.

चौथं: फिरता निधी

सुरुवात करणाऱ्या प्रत्येक बॅचला मी हेच सुचवेन. टॉपरला बक्षीस, नावाची ट्रॉफी, गुणवंतांचा सत्कार हे सगळं नंतर करा. टॉपरला बक्षीस द्यायला कंपन्या रांगेत असतात.

फिरता निधी म्हणजे असं, की बॅचने मिळून समजा ३ लाख जमवले आणि संघटनेत वेगळ्या नावाने ठेवले. अॅडमिशनच्या वेळी ज्या मुलाची फी अडते त्याच्या वतीने निधीतून १५-२० हजार थेट कॉलेजला भरले जातात, मुलाच्या हातात रोख येत नाही. तो एक साधं पत्र लिहून देतो की शिष्यवृत्ती खात्यात आली की रक्कम परत करीन. व्याज नाही, जामीनदार नाही, कोरा चेक नाही. शिष्यवृत्ती आली की पैसे परत येतात आणि पुढच्या जुलैत दुसऱ्याला जातात. म्हणजे ३ लाखांत एका हंगामात पंधरा-वीस पोरांची सोय होते आणि पैसे संपत नाहीत.

सगळे परत येतील का? नाही येणार. कुणाचा फॉर्म रिजेक्ट होईल, कुणाच्या घरी आजारपण निघेल. ते धरूनच चाला, दरवर्षी बॅचने थोडी भर घालायची म्हणजे निधी आटत नाही. पण परत नाही दिले म्हणून त्या मुलाला पाचव्या सेमला ऑफिसबाहेर उभं करून विचारायचं, त्याचं नाव ग्रुपवर टाकायचं, असलं काही होता कामा नये, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

अर्जही एका पानाचा ठेवा. उत्पन्नाचा दाखला मुलाने कॅपसाठी आधीच काढलेला असतो, तोच चालेल, नवीन कागद मागू नका. गरज पटवायला दोन पानी निबंध लिहायला लावू नका, अठरा वर्षांच्या पोराने आपली गरिबी सुंदर शब्दांत मांडली तरच पैसे, हे मला बरोबर वाटत नाही. निवड तिघांनी करायची, त्यात एक स्टुडंट सेक्शनमधले आणि एक महिला असाव्यात, आणि उत्तर तीन दिवसांत द्यायचं. तीन आठवड्यांनी दिलेलं उत्तर काही कामाचं नाही, तोवर सीट गेलेली असते.

चेक देतानाचा फोटो नको. खरंच नको. पोरगं पुढे चार वर्षं त्याच कॅन्टीनमध्ये बसणार आहे.

पाचवं: पत्र लिहा, म्हणजे पैसे ज्यासाठी दिले त्यालाच लागतील

नुसते पैसे ट्रान्सफर केले तर ते सर्वसाधारण निधीत जातात, म्हणून सोबत पत्र किंवा मेल हवाच. फार औपचारिक नको, असं काहीतरी:

"नमस्कार सर, आम्ही मेकॅनिकलच्या २०१९ च्या बॅचचे माजी विद्यार्थी. सोबतची रक्कम प्रवेशाच्या वेळी फी, हॉस्टेल किंवा राहण्याचं डिपॉझिट यासाठी अडणाऱ्या विद्यार्थ्यांना बिनव्याजी मदत म्हणून वापरावी. रक्कम वेगळ्या खात्यावर दाखवावी. किती विद्यार्थ्यांना किती रक्कम दिली आणि किती परत आली एवढा तपशील, नावं न देता, दर मार्चअखेर कळवावा ही विनंती. निधीला कुणाचंही नाव देऊ नये."

शेवटचं वाक्य तुमच्यावर. एखाद्या लाडक्या सरांच्या किंवा गेलेल्या मित्राच्या नावाने निधी करायचा असेल तर त्यात भावना असते आणि ती बॅचला जोडूनही ठेवते, तसं जरूर करा.

तुमचा कागद नीट असण्यात कॉलेजचाही फायदा आहे. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा वेगळा मुद्दा असतो, त्यामुळे देणगी रेकॉर्डवर यावी असं त्यांनाही वाटतं, हे बोलताना सांगायला हरकत नाही.

सहावं: पावती आणि टॅक्स

इथे गैरसमज फार आहेत म्हणून सरळ सांगतो. ८०जीची सूट फक्त जुन्या टॅक्स रिजीममध्ये मिळते. नवीन रिजीम आता डिफॉल्ट आहे आणि तुम्ही त्यात असाल तर पावती कितीही नीट असली तरी सूट नाही. जुन्यात असाल तर बहुतेक ट्रस्ट आणि संघटनांच्या देणगीवर निम्म्या रकमेची वजावट मिळते आणि तिला उत्पन्नाच्या १० टक्क्यांची मर्यादा असते. म्हणजे १०,००० दिले तर ५,००० वजा होतात, तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेस धरून साधारण १,५६० रुपये वाचतात. २,००० च्या वर रोख दिलेत तर काहीच मिळत नाही, म्हणून यूपीआय, चेक, नेट बँकिंगच वापरा. वस्तू दिल्या, म्हणजे जुना लॅपटॉप वगैरे, तर त्यावरही सूट नसते.

पावती मिळाली म्हणजे झालं असं समजू नका. संस्थेने तुमचा पॅन घालून देणगीची माहिती इन्कम टॅक्सकडे भरावी लागते आणि त्यातून निघणारं सर्टिफिकेट, आतापर्यंत फॉर्म १०बीई म्हणून येत आलेलं, मेअखेरपर्यंत तुमच्याकडे यायला हवं. आलं नाही तर जूनच्या पहिल्या आठवड्यात फोन करा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आलाय आणि त्यात कलमांचे नंबर बदललेत, लोक ८०जीच म्हणतात पण रिटर्न भरताना सीएला एकदा विचारून घ्या.

परदेशात असलेल्या मित्रांसाठी

बॅचमधला निम्मा ग्रुप बाहेर असतोच. ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे ते आपल्या बचतीतून बँकेमार्फत देऊ शकतात, ती विदेशी देणगी धरत नाहीत. ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलंय, ओसीआय कार्ड असलं तरी, त्यांची देणगी विदेशी धरली जाते आणि ती एफसीआरए नोंदणी, म्हणजे विदेशी देणगी घ्यायची परवानगी, असलेल्या संस्थेनेच, स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यात घ्यावी लागते. लहान संघटनांकडे ही नोंदणी बहुतेक नसते. म्हणून असल्या मित्राने इथल्या भावाला पैसे पाठवून त्याच्या नावाने देणगी द्यायची असली पळवाट काढू नका, संघटनेची मान अडकते. आयआयटी बॉम्बेवाल्यांना अमेरिकेत त्यांचं स्वतःचं आयआयटी बॉम्बे हेरिटेज फाउंडेशन आहे, तिथे डॉलरमध्ये देता येतं आणि तिकडच्या टॅक्समध्ये सूटही मिळते. बाकीच्यांनी वेळ द्यावा, रविवारी सकाळी दोन मुलांचा मॉक इंटरव्ह्यू घेणं किंवा एमएसच्या अर्जासोबतचा एसओपी (आपल्याबद्दलचं निवेदन) वाचून देणं याला कुठलीच नोंदणी लागत नाही.

लॅपटॉप द्यायचा असेल तर

जरूर द्या, पण चालणारा द्या. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या जनरेशनचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, त्याच्या आधीचा असेल तर लिनक्स टाकून कॉम्प्युटरच्या पोराला द्या, मेकॅनिकल-सिव्हिलच्या पोराला कॅडची सॉफ्टवेअर चालवायला तो पुरणार नाही. रॅम निदान ८ जीबी, जमलं तर १६ करून द्या. बॅटरी तासभर तरी टिकायला हवी, नसेल तर लॅमिंग्टन रोडला बदलून घ्या, चार्जर द्या, डिस्क पूर्ण फॉरमॅट करा. ऑफिसातून जुने लॅपटॉप निघत असतील तर आयटीवाल्यांशी आधीच बोलून ठेवा, एकदम दहा-पंधरा मिळतात.

टीम्सना पैसे

बाहा, फॉर्म्युला स्टुडंट (यात पोरं स्वतः गाडी बनवतात) आणि रोबोकॉन (यात रोबोट) या स्पर्धांच्या टीम्स आपल्या जवळपास सगळ्या मोठ्या कॉलेजांत आहेत आणि त्यांचे सीनिअर तुम्हाला लिंक्डइनवर स्पॉन्सरशिपचं ब्रोशर पाठवतातच. तिथे देण्यात मजा आहे कारण पैशाचं काय झालं ते डोळ्याने दिसतं. गाडीच्या रोल केजचा (सांगाड्याचा) सीमलेस पाइप, सस्पेन्शनचे रॉड-एंड, नागदेवीला मिळणारे बेअरिंग, आणि रोबोटच्या टीमला ऐन टेस्टिंगच्या रात्री जळणारे मोटर ड्रायव्हर, एक जळला की दुसरा आणायला सकाळी लॅमिंग्टन रोड उघडायची वाट बघत बसायचं. यात तुम्ही रोख देऊ नका, टीमकडून यादी घ्या, बिल कॉलेजच्या नावाने करा आणि दुकानदाराला थेट पैसे द्या. पण एक अट घालाच, की टीममध्ये येण्यासाठी पोरांकडून जी वर्गणी घेतात ती ज्याला झेपत नाही त्याला माफ. नाहीतर ज्याच्या हाताला वेल्डिंग चांगलं येतं तोच पोरगा पाच-दहा हजारांसाठी बाहेर राहतो, आणि असं बऱ्याच ठिकाणी होतं.

बॅचला जमवताना

ग्रुपवर "चला काहीतरी करूया" टाकलं की चाळीस अंगठे येतात आणि पैसे कुणाचेच येत नाहीत. त्यापेक्षा आधी पाच जणांना फोन करा, त्यांचे पैसे भरून घ्या, आणि मग ग्रुपवर आकडा, खातं आणि शेवटची तारीख एकाच मेसेजमध्ये टाका. एकदम मोठी रक्कम मागू नका. साठ जणांनी महिन्याला ५०० यूपीआय ऑटोपेवर लावले तर वर्षाला ३ लाख ६० हजार होतात, वर सांगितलेला निधी पहिल्याच वर्षात उभा राहतो. कुणी किती दिले याची यादी ग्रुपवर लावू नका, ज्याची नोकरी गेलीय तो गुपचूप ग्रुप सोडतो. पैसे कुणाच्याही वैयक्तिक जीपेवर गोळा करू नका, कितीही विश्वासातला असला तरी, थेट संस्थेच्या खात्यातच जाऊ द्या.

कॉर्पस, म्हणजे मुद्दल कायम ठेवून व्याजावर स्कॉलरशिप, हे बॅच पंचवीस वर्षांची झाली की करा. १० लाखांवर ७ टक्क्यांनी वर्षाला ७०,००० येतात, म्हणजे दोन-तीन पोरं, आणि फी वाढत जाते तसं ते कमी पडत जातं. माटुंग्याच्या आयसीटीत, म्हणजे केमिकल टेक्नॉलॉजीच्या संस्थेत, देणगीदारांच्या नावाच्या प्राध्यापकपदांची जुनी परंपरा आहे, तसं मोठं काही करायचं असेल तेव्हा कॉर्पस हवाच, पण तुमचं हे पहिलं वर्ष आहे.

एक शेवटचं राहिलं, डिप्लोमावाले. ही मुलं थेट दुसऱ्या वर्षाला येतात, त्यांचे कॅप राऊंड वेगळे चालतात, आणि ती येईपर्यंत बऱ्याच स्कॉलरशिपच्या याद्या पहिल्या वर्षाच्या अॅडमिशनवरून लागून गेलेल्या असतात. त्यातले बरेच जण घरातले पहिलेच इंजिनिअर, काही जण मधे वर्षभर कुठल्यातरी वर्कशॉपमध्ये काम करून आलेले. निधीतले सगळे पैसे पहिल्या वर्षाच्या पोरांवर संपवू नका, निदान एक चतुर्थांश यांच्यासाठी बाजूला ठेवा, आणि अर्जाची नोटीस थेट दुसऱ्या वर्षाच्या वर्गात जाऊन वाचून दाखवायला सांगा, कारण बोर्डावर लावलेली पहिल्या वर्षाची नोटीस ते बघतच नाहीत.